लॉट नंबर बघा, मगच लोकर घ्या

दिवाळी सरली की रायपूरच्या गोल बाजारात लोकरीचे गोळे मांडले जातात आणि तात्यापाऱ्यातल्या आम्हा मराठी बायकांची पावलं तिकडे वळतात. नवे रंग येतात, संपलेले पुन्हा येतात. "भाभी, वही रंग है," दुकानदार छातीठोकपणे सांगतो. माझा आक्षेप नेमका इथेच आहे.

गोळ्यावरच्या कागदी पट्टीवर शेड नंबराजवळ लॉट नंबर छापलेला असतो. शेड तीच, पण लॉट वेगळा, म्हणजे रंगवण्याची खेप वेगळी. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फरक कळत नाही. स्वेटर उन्हात धरला की पाठीवर आडवा पट्टा उठून दिसतो. आधीच्या गोळ्यांतली लोकर उरली असेल, तर दोन ओळी जुन्या, दोन नव्या अशा विणून तो लपवता येतो. नाहीतर नवी लोकर गळ्याला आणि बाह्यांच्या काठाला वापरावी.

पण ही कसरत गिऱ्हाइकानेच का करायची? दुकानदारांनी बिलावर लॉट नंबर लिहावा आणि न फोडलेले गोळे परत घ्यावेत. मग बायकाही दोन गोळे जास्तच नेतील. धंदा त्यांचाच वाढेल.