एक मेज, कारभाराचे आणि खेळाचेही

नोकरी संपली की कचेरी सुटते. कामकाज मात्र सुटत नाही. हयातीचा दाखला, मुदतठेवींचे नूतनीकरण, वीजबिल, आरोग्यविम्याचा दावा, गृहनिर्माण संस्थेचा पत्रव्यवहार आणि अलीकडे डॉक्टरांशी व्हिडिओवरून होणारा सल्लामसलतीचा संवाद, ही कामे ज्येष्ठांच्या वाट्याला असतातच आणि त्यांतील बहुतेक आता पडद्यावर होतात. त्याच पडद्यावर दुपारी बुद्धिबळाचा डाव रंगतो, शब्दकोडे सोडवले जाते, परगावच्या नातवंडांशी लुडो खेळला जातो. कारभार आणि खेळ दोन्ही एकाच यंत्रावर आले, पण त्यांच्यासाठी घरात जागा कोणी नेमली नाही. पलंगाच्या कडेला बसून, मान खाली घालून, हातातील लहानशा पडद्याकडे डोळे ताणून हे सारे चालते. संध्याकाळी मान अवघडते, डोळे चुरचुरतात, आकडे चुकतात. मग घरातील कोणीतरी म्हणते, "राहू द्या बाबा, मी करून टाकतो."

या वाक्यात माया असते. परंतु ते वारंवार ऐकू आले की स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याची सवय हळूहळू मोडते, आणि एकदा मोडलेली सवय या वयात पुन्हा लागणे कठीण असते. पुष्कळदा अडचण बुद्धीची नसते. ती उजेडाची, खुर्चीची आणि अक्षरांच्या आकाराची असते. म्हणून या वेळी घरातील एका कोपऱ्याचा विचार करू या, जिथे सकाळी कागदपत्रे होतील आणि दुपारी डाव मांडता येईल. स्वतंत्र खोलीची आवश्यकता नाही. दोन खोल्यांच्या घरातही एक मेज आणि दोन खुर्च्या मावतील एवढी जागा निघते.

प्रथम उजेड, मग यंत्र

वयानुसार डोळ्याची बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होत जाते. त्यामुळे साठीतील निरोगी डोळ्याच्या दृष्टिपटलापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतील डोळ्याच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश असतो. नातवाला जी जागा लख्ख वाटते ती आजींना अंधारी वाटते, ती यामुळे. मेज खिडकीच्या काटकोनात, म्हणजे उजेड बाजूने येईल असे ठेवावे. खिडकी समोर असेल तर डोळे दिपतात. पाठीमागे असेल तर पडद्यावर तिचे प्रतिबिंब पडते आणि कॅमेऱ्यात चेहरा काळवंडतो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण' सेवेत आता चेहऱ्याच्या ओळखीवरून घरबसल्या हयातीचा दाखला देता येतो. ही ओळख पटत नसेल तर प्रथम चेहऱ्यावर पुरेसा उजेड आहे का, ते पाहावे. वाचनासाठी मान वळवता येणारा एक टेबललॅम्प असावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी तो डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. मोतीबिंदू असलेल्यांना उघड्या दिव्याची तिरीप फार त्रास देते. त्यांच्यासाठी दिव्यावर शेड हवीच.

खुर्ची कशी असावी

बाजारात 'गेमिंग चेअर' या नावाने भरघोस, रंगीत खुर्च्या मिळतात आणि मुले हौसेने त्या आणतात. तरुणांना त्या भावतात. ज्येष्ठांच्या दृष्टीने त्यांत तीन उणिवा असतात. आसनाच्या उंच कडा मांड्यांना अडतात, पाठ मागे झुकल्यामुळे उठताना जोर करावा लागतो, आणि गुळगुळीत फरशीवर चाके नेमकी उठण्याच्या क्षणी मागे सरकतात. चार स्थिर पायांची, भक्कम हातांची, फार मऊ नसलेली साधी खुर्ची अधिक चांगली. पारख सोपी आहे. खुर्चीच्या हातांवर भार देऊन, कोणाचाही आधार न घेता, लागोपाठ तीन वेळा सहज उठबस करता आली तर ती खुर्ची योग्य.

आपली जेवणाची मेजे साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतात. बुटक्या व्यक्तीला त्यावर टंकलेखन करताना खांदे उचलावे लागतात. खुर्चीवर घट्ट उशी ठेवून कोपर मेजाच्या पातळीत आणावे आणि अधांतरी राहिलेल्या पावलांखाली घरातला पाट ठेवावा. लोंबकळणाऱ्या पायांवर सूज लवकर येते. तरुण मंडळी त्याच जागी बसतील तेव्हा उशी आणि पाट बाजूला ठेवले की झाले. उठण्यापूर्वी पाट पायाने पुढे सरकवण्याची सवय मात्र लावून घ्यावी, नाहीतर तोच अडखळण्याचे कारण होईल.

पडदा हाताच्या अंतरावर असावा आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. जे दुहेरी भिंगाचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरतात, त्यांनी पडदा याहून खाली घ्यावा. असे चष्मे लावणारी माणसे भिंगाच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी नकळत हनुवटी वर करतात, आणि मानेचे दुखणे तिथून सुरू होते. मेजावर रोज तास-दीड तास जात असेल तर नेत्रतज्ज्ञांकडून पडद्याच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेणे हा उत्तम खर्च आहे. लॅपटॉप असेल तर तो दोन जाडजूड ग्रंथांवर ठेवून वेगळा कीबोर्ड आणि हाताला भरेल असा माउस जोडावा. अक्षरे मोठी करण्याची सोय प्रत्येक यंत्रात असते. बोटे सांधेदुखीने आखडली असतील तर मोबाइलवर मराठीत बोलून लिहिता येते.

वायर आणि वाट

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात, आणि जीवघेण्या पडझडीचे सर्वाधिक प्रमाण साठीपुढच्या व्यक्तींत आहे. म्हणून मेजाची जागा निवडताना पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंतची वाट आधी मोकळी ठेवावी. कोणतीही वायर या वाटेवरून जाऊ नये. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर लोळत न ठेवता मेजाच्या पायाला किंवा भिंतीला पक्का करावा. वायर सतरंजीखाली लपवू नये. तिथे ती तापते आणि सतरंजीला उंचवटाही येतो. संगणकाच्या बोर्डावर इस्त्री किंवा हीटर लावू नये. पाण्याची बाटली झाकणाची असावी आणि यंत्रापासून दूर.

खेळताना शरीराचे ऐकावे

काम कंटाळवाणे असते, म्हणून माणूस त्यातून उठतो. खेळ गुंतवून ठेवतो, आणि काळजी तिथेच घ्यावी लागते. डावाच्या नादात मधुमेही व्यक्तीचे खाणे लांबते, औषधाची वेळ टळते, लघवीची भावना दाबून धरली जाते आणि मग घाईघाईने उठताना तोल जातो. यावर उपाय म्हणजे शेवट असलेले खेळ निवडणे. बुद्धिबळाचा डाव संपतो, शब्दकोडे पुरे होते, पत्त्यांची बाजी उलगडते. एकामागून एक पायऱ्या आपोआप सुरू होणारे खेळ कधी संपतच नाहीत. एक डाव झाला की उठायचे, हा नियम घड्याळापेक्षा सहज पाळला जातो.

दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे नजर टाकावी. खिडकीबाहेरचे झाड त्यासाठी पुरेसे आहे. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून मधूनमधून मुद्दाम डोळे मिटावेत. उठण्याआधी पावले वरखाली हलवावीत, उभे राहून क्षणभर मेजाला धरून थांबावे आणि मग चालावे. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांचा दाब एकदम उभे राहताना उतरू शकतो. चक्कर येण्याचा त्रास असलेल्यांनी वेगाने फिरणाऱ्या दृश्यांचे खेळ टाळावेत. फेफऱ्याचा इतिहास असेल तर लुकलुकणाऱ्या प्रकाशाच्या खेळांबाबत डॉक्टरांना विचारावे. झोपेच्या तासभर आधी पडदा बंद करावा.

खेळाने स्मृती सुधारते का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. खास तयार केलेल्या संगणकीय खेळाच्या सरावानंतर ६० ते ८५ वर्षांच्या व्यक्तींची एका वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देण्याची क्षमता वाढली आणि ती सहा महिन्यांनंतरही टिकून होती. पण तो एक विशिष्ट खेळ होता, लहानशा गटावरचा प्रयोग होता. त्यावरून कोणताही खेळ स्मृतिभ्रंश रोखतो असा निष्कर्ष निघत नाही. मेंदूचे खेळ विस्मरण टाळतात अशी जाहिरात केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत २०१६ मध्ये एका कंपनीला २० लाख डॉलर भरावे लागले. खेळावे ते आनंदासाठी, सोबतीसाठी. शिवाय खेळ चालण्याची जागा घेत नाही: ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि तीन दिवस तोलाचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पैसा आणि खेळ यांत भिंत हवी

शरीराइतकीच काळजी खात्याची घ्यावी लागते. मेज एक असले तरी संगणकात दोन स्वतंत्र युजर अकाउंट करावीत: एक बँकेच्या आणि कागदपत्रांच्या कामासाठी, दुसरे खेळांसाठी. नातवाने खेळ उतरवून घ्यायचा तो दुसऱ्या अकाउंटमध्ये, आणि अधिकृत ठिकाणाहूनच. खेळाच्या अ‍ॅपशी बँकेचे कार्ड जोडू नये. पैशांची कामे सकाळी, मन ताजे असताना उरकावीत आणि खेळ नंतर मांडावा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली आहे. तरीही अशी आमंत्रणे येत राहिली तर ती उघडू नयेत. पोलीस किंवा न्यायाधीश असल्याचे सांगून कोणी व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' झाल्याचे बजावले तर फोन बंद करावा. कायद्यात अशी अटक नाही. पैसे गेले असतील तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. मेजासमोरच्या भिंतीवर हा क्रमांक ठळक अक्षरांत चिकटवून ठेवावा. संकेतशब्द मात्र भिंतीवर लिहू नयेत.

काळजीवाहकांसाठी

मेजाजवळ दुसरी खुर्ची ठेवा, ती तुमची. वडीलधाऱ्यांना काही अडले तर शेजारी बसा, बोटाने दाखवा, पण माउस त्यांच्या हातातून घेऊ नका. एका मिनिटाचे काम दहा मिनिटे घेईल, ते घेऊ द्या. केलेल्या कामाच्या पायऱ्या त्यांच्याच हस्ताक्षरात एका वहीत लिहून घ्या. पुढल्या खेपेस ती वही तुमच्याआधी मदतीला येईल. तुम्ही स्वतः घरून नोकरी करीत असाल तर मेजाच्या वेळा उघडपणे ठरवा. तुमच्या मीटिंगसाठी आईंना दरवेळी डाव अर्धवट सोडून उठावे लागले तर ती जागा त्यांची उरत नाही.

या दुसऱ्या खुर्चीवरून आणखी एक गोष्ट दिसते. वर्षानुवर्षे हिशेब चोख ठेवणारी व्यक्ती एकच बिल दोनदा भरू लागली, नेहमीच्या खेळाचे नियम विसरू लागली, पानांचा अंदाज लागेना म्हणून चिडू लागली, तर त्याला वयाचा विसराळूपणा म्हणून सोडून देऊ नका. पैशांचे व्यवहार सांभाळताना होणारे घोटाळे हे स्मृतिभ्रंशाच्या आरंभीच्या खुणांपैकी एक असू शकतात. अर्थात ऐकू कमी येणे, थायरॉइड, ब जीवनसत्त्वाची उणीव, खिन्नता किंवा एखादे नवे औषध यांमुळेही असे होते, आणि यांतील बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. म्हणून रागावणे नको, खाते ताब्यात घेण्याची घाईही नको. आधी डॉक्टरांना दाखवा, आणि काय चुकले, केव्हापासून चुकते, याची नोंद बरोबर न्या.

येत्या रविवारी एवढे करून पाहा. घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला ठरवलेल्या जागी बसवा आणि तीन प्रश्न विचारा: अक्षरे नीट दिसतात का, पाय टेकतात का, एकट्याने उठता येते का. तिन्ही उत्तरे होकारार्थी आली की मग यंत्र जोडा. पहिले काम म्हणून त्यांच्या आवडीचा एक डाव मांडा, आणि समोरच्या खुर्चीवर तुम्ही बसा.