सामान्यपणाची भीती

परीक्षेचा निकाल हाती आला की बहुतेक मुले प्रथम स्वतःचे गुण पाहतात आणि लगेच शेजाऱ्याचे. गणितात ६८ गुण मिळाले म्हणून क्षणापूर्वी आनंद वाटत असतो. शेजाऱ्याला ९१ मिळाल्याचे कळताच तो मावळतो. वस्तुतः ६८ चे ६७ झालेले नसतात. सोडविलेली उदाहरणे सोडविलेलीच राहतात, समजलेला त्रैराशिकाचा नियम काही पुसला जात नाही. तरीही मुलगा मान खाली घालून घरी येतो आणि कोणी विचारलेच तर म्हणतो, “आपण आपले साधारणच.”

वडील माणसांना हे दुःख फार लहान वाटते. कोणी म्हणतो, “शेजारचा मुलगा बघ, तूच का मागे?” हे तर जखमेवर मीठ चोळणे झाले. कोणी म्हणतो, “तुझ्यातही मोठा पुरुष दडलेला आहे, एक दिवस तू सर्वांच्या पुढे जाशील.” हे बोलणे गोड आहे, परंतु ते खरे ठरेलच असे नाही. चाळीस मुलांच्या वर्गात पहिला क्रमांक एकाचाच येतो. उरलेल्या एकोणचाळिसांनी रात्री जागविल्या तरी पहिला एकच राहणार. हा कोणाचा दोष नव्हे. हे अंकगणित आहे. बरे, जो पहिला येतो तो तरी सुखी असतो काय? तालुक्याच्या शाळेत पहिला आलेला मुलगा जिल्ह्याच्या शाळेत जातो आणि तेथे बारावा येतो. त्याची बुद्धी काय एस. टी. च्या प्रवासात गळून पडली?

म्हणून खरा प्रश्न निराळाच आहे. जो पहिला नाही, आणि कदाचित कधीच होणार नाही, त्याने काय करावे?

या बाबतीत महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र पाहण्यासारखे आहे. स्त्रीशिक्षणाचे त्यांचे कार्य सर्वांना ठाऊक असते. तरुणपणी परीक्षांच्या शर्यतीत ते कोठे होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्यांचा जन्म १८५८ सालचा. बालपण कोकणात मुरूड या गावी गेले. सतरा वर्षांचे असताना एका सरकारी परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले. भर पावसात, सह्याद्रीचा घाट चढून केलेली ती सुमारे ११० मैलांची चाल होती. साताऱ्यास परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, या कारणाने त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे मॅट्रिकची परीक्षा ते १८८१ साली उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांचे वय तेवीस होते. त्याच वर्षी मॅट्रिक झालेला दुसरा एक विद्यार्थी अवघा पंधरा वर्षांचा होता. त्याचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. १८८४ साली दोघेही मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले, गोखले अठराव्या वर्षी, कर्वे सव्विसाव्या.

एवढ्यावरच भागले नाही. लोकमान्य टिळक हे कर्व्यांहून दोनच वर्षांनी मोठे; परंतु गणित विषयात पहिला वर्ग मिळवून ते १८७७ सालीच पदवीधर झाले होते. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवीत. १८९० साली त्यांनी ती संस्था सोडली आणि पुढच्या वर्षी गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे तेथे गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले. ज्या विषयाच्या तासाला टिळक उभे राहत, त्याच विषयाच्या तासाला आता कर्वे उभे राहिले. एका बाजूला आठ वर्षांनी लहान असलेले बुद्धिमान गोखले, दुसऱ्या बाजूला टिळकांची आठवण. स्वतः कर्वे स्वभावाने भिडस्त. चारचौघांत बोलणेही त्यांना जड जाई. तुलनाच करावयाची, तर याहून अवघड जागा शोधून सापडणार नाही.

ती शर्यत कर्व्यांनी जिंकली काय? नाही. ते टिळकांसारखे लोकनायक झाले नाहीत, गोखल्यांसारखे वक्तेही झाले नाहीत. त्यांची दृष्टी दुसरीकडेच गेली. त्या काळी मुलींची लग्ने बालपणीच होत. नवरा वारला, तर त्या अजाण मुलीचे केस कापीत, तिला घराच्या कोपऱ्यात ठेवीत आणि तिचा जन्म दुसऱ्यांची भांडी घासण्यात जाई. अशा मुलींना शिकवून त्यांच्या पायांवर उभे करावे, यासाठी कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. कॉलेजातील काम आटोपले की कर्वे हिंगण्याची वाट पायी चालू लागत. पावसाळ्यात ती वाट चिखलाने भरलेली असे. स्वतः एका विधवेशी विवाह केल्यामुळे लोकांची निंदा वाट्याला आलेलीच होती, आणि आश्रमासाठी पैसा मागताना पुन्हा लोकांच्याच दारी जावे लागे. या कामाला चिकाटी हवी होती, चोख हिशेब हवा होता, अपमान गिळण्याची शक्ती हवी होती. यांपैकी एकाही विषयाची प्रश्नपत्रिका बी. ए. च्या परीक्षेत नव्हती.

येथे कोणी म्हणेल, “पण अखेर कर्वेही मोठेच झाले! १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले.” खरे आहे. परंतु चिखल तुडवीत जाताना पन्नास वर्षांनंतरचा सन्मान दिसत नसतो. शिवाय ज्यांना असा सन्मान मिळाला नाही, त्यांचे श्रम काही वाया गेले नाहीत. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांचेच पाहा. त्या ऐन तारुण्यात विधवा झाल्या. ज्या वयात इतर जण शिक्षण संपवितात, त्या वयात त्यांनी अक्षरे गिरविण्यास आरंभ केला. पुढे त्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत गावोगाव हिंडल्या. इंग्रजी त्यांना नीट येत नसे. १९१८ साली, पन्नाशी जवळ आली असता, त्या अमेरिकेस गेल्या आणि लोकांच्या घरी काम करून तेथे राहिल्या. आपल्या पाटीवरचे पहिले अक्षर दुसऱ्यांच्या पुस्तकांशी त्या ताडून पाहत बसल्या असत्या, तर त्यांना दुसरे अक्षर काढण्याचा धीर झाला नसता.

याचा अर्थ दुसऱ्याकडे पाहूच नये, असा मात्र नव्हे. एखादी मुलगी शेजारणीचे सुबक अक्षर पाहते आणि विचारते, “तू बोरू कसा धरतेस?” दुसरी तेच अक्षर पाहते आणि आपली वही झाकून घेते. पाहणे दोघींचेही सारखेच. परंतु पहिली घरी जाताना काहीतरी शिकून जाते, दुसरी रिकाम्या हाताने जाते. वही झाकणारीला दोष देणे रास्त नव्हे, कारण लाज ही कोणी बोलावून आणत नाही. फक्त त्या लाजेला वहीची मालकीण होऊ देऊ नये. गणितात मागे असलेल्या मुलाला मागे असल्याचे कळले पाहिजे, म्हणजे कोणते उदाहरण चुकले हे तो शोधील. “मला अपूर्णांकांचा भागाकार येत नाही” हे वाक्य उपयोगाचे आहे; त्यावर उद्या काही करता येते. “मी सामान्य आहे” या वाक्यावर मात्र काहीच करता येत नाही, मग ते खरे असो वा खोटे.

१९३६ साली कर्वे ७८ वर्षांचे होते. पुण्यात महिला शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या होत्या, महिला विद्यापीठही निघून वीस वर्षे झाली होती. त्या वर्षी त्यांनी, ज्या खेड्यांत शाळा नव्हती तेथे ती काढण्यासाठी एक मंडळ स्थापन केले आणि त्याच्या वर्गणीसाठी ते पुन्हा दारोदार फिरू लागले.