दक्षिणेकडे तोंड केलेला दिवा

धनत्रयोदशीच्या तिन्हीसांजेला दारात दक्षिणेकडे तोंड करून कणकेचा एक दिवा ठेवतात. यमदीप. घरातल्या कुणाला अवेळी मरण येऊ नये, एवढंच त्याचं मागणं. यंदा अंक जुळवताना तो दिवा सारखा आठवत राहिला. आमच्या अंकांचे गठ्ठे बांधायला दर दिवाळीआधी येणारे गृहस्थ गेल्या पावसात विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले.

ते टीएमध्ये होते. टीए म्हणजे प्रादेशिक सेना. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. एरवी आपली शेती नाहीतर नोकरी, वर्षाकाठी प्रशिक्षण, आणि बोलावणं आलं की वर्दी चढवून निघायचं. १९६२, १९६५, १९७१ या तिन्ही युद्धांत ही माणसं होती. २०२५च्या मे महिन्यात सरकारने ३२ पैकी १४ पायदळ बटालियन बोलावण्याची मुभा दिली, तेव्हा कुठे अनेकांना या सेनेचं नाव कळलं. धोनीचा त्या वर्दीतला फोटो मात्र सगळ्यांनी पाहिलेला!

लढताना मरण आलं तर देश हात आखडता घेत नाही. शोपियाँत नोव्हेंबर २०१८मध्ये धारातीर्थी पडलेले लान्सनायक नझीर अहमद वानी टीएचेच. त्यांचं अशोकचक्र २६ जानेवारी २०१९ रोजी त्यांच्या पत्नीने स्वीकारलं.

पेच पुढे आहे. बोलावून घेतलेल्या काळातल्या सेवेला टीएत ‘एम्बॉडीड’ सेवा म्हणतात. अशा सेवेची १५ वर्षं भरली तर जवानाला पेन्शन. आणि टीएतला माजी सैनिक कोण? पेन्शन मिळालेला, सेवेमुळे अपंगत्व आलेला किंवा शौर्यपदक मिळवलेला. बाकीचे, म्हणजे तुकड्यातुकड्याने नऊ-दहा वर्षं भरलेले, घरी परतले की नुसते शेतकरी.

आमच्या या गृहस्थांच्या पत्नी कागद घेऊन एका सरकारी कार्यालयात गेल्या. कारकुनाने खुर्ची दिली, पाणी दिलं, माजी सैनिकांची वही चाळली. नाव नव्हतं. त्याचं काही चुकलं नाही, वहीच तशी आखलेली. शेतकरी अपघात योजनेतून मात्र दोन लाख मिळाले. सातबारा कामी आला, सीमेवरचे हिवाळे नाही.

केंद्राची व्याख्या बदलायला वेळ लागेल. पण जिल्ह्याजिल्ह्यातली सैनिक कल्याण कार्यालयं राज्याची आहेत. त्यांनी टीएवाल्यांसाठी वेगळी वही घालावी; सेवेचे दिवस मोजून मुलांना शिष्यवृत्ती द्यावी, सैनिकी वसतिगृहात जागा द्यावी आणि अंत्ययात्रेला निदान एक माणूस पाठवावा. यात तिजोरीला खार लागेल असं काय आहे? आम्हाला तर तो शेवटचा माणूसच जास्त मोलाचा वाटतो.

यंदा गठ्ठे त्यांचा मुलगा बांधतोय. सुतळीची गाठ बापासारखीच मारतो. काल म्हणाला, टीएची भरती निघाली की कोल्हापूरला जाणार. अठरा पूर्ण झालीत.