परक्या भाषेची भीती



मागच्या महिन्यात आमच्या जोतिबा डोंगरावरच्या एक वहिनी घरी आल्या. डोळे भरलेले. लेक जर्मनीला विद्यापीठात शिकायला जाऊन सहा महिने झालेले. फोनवर म्हणाली, "आई, इथलं बोलणं कळत नाही. मी परत येते." वहिनी म्हणाल्या, "भावजी, कर्ज काढून पाठवलीया. आता काय करायचं?"

मला अपराध्यासारखे झाले. त्या पोरीचे अर्ज मीच भरून दिले होते. अभ्यासक्रम इंग्रजीतला, मग जर्मनची गरज काय, असे मीच म्हणालो होतो. चूक माझी होती. वर्गात इंग्रजी चालते. पण घरमालक, कचेरी, दवाखाना, दुकान या ठिकाणी जर्मनच लागते. परदेशी विद्यार्थ्याला तिथे वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते. पण भाषा न येणाऱ्याला ते काम मिळणे अवघड. म्हणजे भाषेचा प्रश्न हा पोटाचाच प्रश्न.

रात्री तिला फोन लावला. ती म्हणाली, "काका, चुकलं की लोक हसतील असं वाटतं. म्हणून मी बोलतच नाही."

ही भीती आपल्या ओळखीची आहे. कॉलेजात आपली बोली ऐकून हसणारे आपण पाहिले आहेत. मी तिला बाबासाहेबांची आठवण दिली. अस्पृश्य म्हणून शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. पण भाषेशी त्यांनी वैर धरले नाही. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात जर्मनचे प्राथमिक धडे घेतले. १९२१ साली जर्मनीत प्रवेश मिळावा म्हणून जर्मन भाषेतच पत्र लिहिले आणि १९२२ साली बॉन विद्यापीठात नाव नोंदवले.

शिवाय आपली मराठी इथे उपयोगी पडते. इंग्रज माणसाला जर्मनमधली तीन लिंगे जड जातात. आपण तो, ती, ते घेऊनच वाढलो. लिंगे मात्र शब्दागणिक पाठ करावी लागतात. आपला सूर्य 'तो', त्यांचा सूर्य 'ती'. आपण एकवीस म्हणताना एक आधी, वीस नंतर म्हणतो. जर्मन माणूसही तसेच मोजतो. जोडवाक्यात त्यांचे क्रियापदही पुष्कळदा आपल्यासारखे शेवटी जाते.

पालकांनो, मुलाला पाठवणार असाल तर निदान वर्षभर आधी भाषा सुरू करा. ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. जर्मनमधूनच पदवी शिकायची तर सहसा सी-१ पर्यंत चढावे लागते. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे. पैशासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठीच. तिच्या अटी समाजकल्याण कार्यालयात आधी विचारा, मगच कर्जाकडे वळा.

पोरगी परत आली नाही. संध्याकाळच्या भाषावर्गाला जाते. अधूनमधून अजून रडते. पण परवा आईला सांगत होती, "आज दुकानात पाव जर्मनमध्ये मागितला. चुकले, पण कुणी हसलं नाही. पाव मिळाला."

वहिनींनी ही बातमी सगळ्या गल्लीला सांगितली.

जयभीम.