रक्ताच्या चाचणीवर विसंबू नका, आधी सोनोग्राफी करा

आमली (सिल्वासा) : रिलायन्सच्या स्ट्रँड लाइफ सायन्सेसने डिसेंबर २०२४ मध्ये 'कॅन्सरस्पॉट' ही रक्तचाचणी आणली. गाठीतून रक्तात उतरलेले डीएनएचे तुकडे हुडकायचे, हे तिचं तत्त्व. पित्ताशय आणि पित्तनलिकेचा कॅन्सर उशिरा लक्षात येतो, त्यामुळे अशा चाचण्यांकडून आशा मोठी. हा आजार गंगेच्या पट्ट्यात, म्हणजे उत्तर प्रदेश-बिहारकडे जास्त. तिथलेच कितीतरी कामगार आपल्या कारखान्यांत आहेत, म्हणून हा विषय आपलाही.

पण आकडे बघा. अमेरिकेतल्या 'गॅलेरी' या अशाच चाचणीने २०२१ च्या अभ्यासात, सगळे कॅन्सर मिळून, चौथ्या टप्प्यातले ९० टक्के रुग्ण ओळखले. पहिल्या टप्प्यातले जेमतेम १७ टक्के. गाठ लहान, तर रक्तात तुकडेही कमी. निरोगी माणसाला चुकीचा इशारा अर्धा टक्का. ऐकायला किरकोळ, पण लाखात ते ५०० जण होतात.

म्हणून 'रक्ताचा रिपोर्ट चांगला आला' म्हणत दुखणं अंगावर काढू नका. उजव्या बरगडीखाली दुखतंय, कावीळ झाली, अंगाला खाज सुटते, वजन उतरतंय, तर विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल गाठा, सोनोग्राफीचं विचारा. आणि खड्यांमुळे पित्ताशय काढलं असेल, तर ते बायोप्सीला पाठवलं का, हेही विचारा. हा कॅन्सर अनेकदा तिथेच पहिल्यांदा कळतो. तो रिपोर्ट हातात असेल, तर परळच्या टाटा हॉस्पिटलला वेळेत पोहोचता येतं.