चूक विमानतळाची, फ्लाइट लेट तुमची: पैसे कोण देणार?

७ नोव्हेंबर २०२५ ला दिल्ली विमानतळावर ८०० पेक्षा जास्त विमानं लेट झाली. धुकं नव्हतं, संप नव्हता. बिघडली होती ती एएमएसएस नावाची सिस्टम. विमानांचे फ्लाइट प्लॅन कंट्रोलरच्या स्क्रीनपर्यंत पोहोचवणारं हे मेसेजिंग. ते अडकलं आणि कंट्रोलर मंडळींना तेच काम हाताने करत बसावं लागलं. सिस्टम एअरपोर्ट्स अथॉरिटीची, म्हणजे एअरलाइनचा यात दोष नाही. पण तासन् तास ताटकळलेल्या प्रवाशाचा तरी कुठे होता? त्याला नियमाप्रमाणे मिळणारी नुकसानभरपाई: शून्य.

दिल्लीचं सोडा, जळगावचं बघू. २०२४ मध्ये अलायन्स एअर आणि फ्लाय९१ मुळे जळगाव पुन्हा मुंबई, पुणे, हैदराबाद, गोव्याला जोडलं गेलं. विमान छोटं, एटीआर. तेच विमान दिवसभर गावोगाव फिरतं, त्यामुळे सकाळी मुंबईत अडकलं की पुढे सगळीकडे लेट. आणि मुंबईत अडकायला फार काही लागत नाही. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. पावसाळ्याआधी आणि नंतर दुरुस्तीसाठी एक-एक दिवस सकाळी ११ ते संध्याकाळी ५ दोन्ही बंद असतात. ते निदान आधी जाहीर होतं. २०१७ मध्ये एअर डेक्कनची मुंबई-जळगाव सेवाच मुंबईत स्लॉट मिळेना म्हणून लांबली होती, शेवटी २३ डिसेंबरला पहिलं विमान उडालं. धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही. धुळेकर ओझर, इंदूर किंवा थेट मुंबई गाठतात. म्हणजे खान्देशातल्या माणसाची फ्लाइट बहुतेक वेळा दुसऱ्याच्या विमानतळाच्या भरवशावर असते.

आता नियम. डीजीसीएच्या नियमात फ्लाइट रद्द झाल्यास भरपाईचे तीन टप्पे आहेत: १ तासापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, १ ते २ तासांना ७,५०० आणि त्याहून जास्त असेल तर १०,०००. व्हॉट्सॲपवर फिरतात ते एवढेच आकडे. त्यापुढची ओळ कोणी फॉरवर्ड करत नाही: 'किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते.' समजा तुमच्या तिकिटात हे दोन्ही मिळून १,८०० रुपये आहेत. मग ७,५०० विसरा, हक्क १,८०० चाच.

तेही कधी? एअरलाइनची चूक असेल आणि तुम्हाला वेळेत कळवलं नसेल तेव्हा. हवामान, एअर ट्रॅफिक कंट्रोल, सुरक्षेचा धोका किंवा एअरलाइनच्या हाताबाहेरचं कुठलंही कारण असेल तर भरपाई नाही. विमानतळाचा घोळ याच शेवटच्या पोत्यात जातो. नुसता उशीर झाला तर रोख भरपाई मुळातच नाही. छोट्या फ्लाइटला २ तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर खाणं-पिणं द्यायचं असतं, पण कारण हाताबाहेरचं असेल तर तिथेही एअरलाइनला सूट घेता येते. तरीही काउंटरवर मागाच, बऱ्याचदा देतात. फ्लाइट रद्द झाली तर मात्र कारण काहीही असो, दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड हा तुमचा हक्क आहे.

युरोप-ब्रिटनमध्ये तरी वेगळं आहे का? अर्धंच. २१ मार्च २०२५ ला वीज उपकेंद्राच्या आगीमुळे हीथ्रो विमानतळ बंद पडला, तेव्हा तिथेही रोख भरपाई लागू नव्हती. पण जेवण आणि हॉटेल एअरलाइनला द्यावंच लागतं, दोष कोणाचाही असो. आपल्याकडे निदान एवढं तरी हवं, असं माझं मत आहे.

मग विमानतळाला काहीच होत नाही का? होतं, पण त्यात तुम्ही नसता. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत प्रवासी विमानाशेजारी डांबरावर बसून जेवतानाचा व्हिडिओ आठवत असेल. त्यात मुंबई विमानतळाच्या कंपनीला दोन यंत्रणांनी मिळून ९० लाखांचा दंड केला. दंड सरकारजमा होतो, प्रवाशाच्या खात्यात नाही.

तुमच्या हातात उरतो तो पुरावा. काउंटरवर 'ऑपरेशनल रीझन' हे उत्तर ऐकून परत फिरू नका. ते काहीच सांगत नाही. कारण ईमेलवर किंवा चॅटवर मागा. त्याच दिवशी फ्लाइटरडार२४ उघडून तुमचं विमान आधी कुठे होतं ते बघा, स्क्रीनशॉट काढा. फुकट आवृत्तीत ७ दिवसांचाच इतिहास दिसतो. एअरलाइन म्हणते मुंबईत गर्दी होती, आणि त्याच तासात बाकीची विमानं वेळेवर उडाली असतील, तर कारण हाताबाहेरचं नव्हतं असं म्हणायला तुमच्याकडे आधार आहे.

जळगाव-मुंबई एका तिकिटावर आणि पुढचं दिल्ली-बंगळुरू वेगळ्या पीएनआरवर काढू नका. पहिली लेट झाली तर दुसरी एअरलाइन तुम्हाला सरळ नो-शो धरते. त्यातही युजर डेव्हलपमेंट फी आणि सरकारी कर परत मिळतात, मागितले तर.

तक्रार आधी एअरलाइनकडे, मग एअरसेवा ॲपवर. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथेही हललं नाही तर ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच केस टाकता येते, म्हणजे मुंबईला खेटे नाहीत, जळगाव किंवा धुळ्यातच. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. तिथे एअरलाइनसोबत विमानतळ चालवणाऱ्या कंपनीलाही विरुद्ध पक्ष करा. तिकिटातली युजर डेव्हलपमेंट फी तिच्याच सेवेसाठी असते, तेव्हा तिकिटाचा तो तपशील अर्जाला जोडायला विसरू नका.