कोबी खाणारा काटेरी पाहुणा

जपानच्या कानागावा प्रांतात समुद्राचा तळ ओसाड होत चालला आहे. सी अर्चिन नावाच्या काटेरी गोळ्यांनी तिथली शेवाळाची रानं फस्त केली. गंमत अशी, की सगळं खाऊन हे प्राणी स्वतः मात्र उपाशीच. त्यांच्या कवचात असतात पाच जननग्रंथी. जपानी माणूस 'उनी' म्हणून चवीनं खातो त्या याच. उपाशी प्राण्यात त्या सुकतात, मग त्याला कुणी विचारत नाही. तिथल्या सरकारी मत्स्यसंशोधकांनी या प्राण्यांना मिउरा परिसरातला टाकाऊ कोबी खाऊ घातला. ग्रंथी भरल्या, वर चव गोडसर झाली!

प्रयोगशाळेला मात्र हा प्राणी जुनाच ओळखीचा. १८७६ मध्ये ऑस्कर हर्टविग यांनी शुक्राणू आणि अंडं यांच्या केंद्रकांचं मीलन याच्याच अंड्यात पाहिलं. टिम हंट यांना पेशीविभाजनाला चालना देणारं सायक्लिन सापडलं, तेही १९८२ मध्ये, याच्याच अंड्यात.

कोबीनं समुद्र वाचेल, असं आम्हाला वाटत नाही. पाणी तापत राहिलं तर शेवाळ परतणार कसं? पण जे प्राणी नुसते चिरडून टाकले जात, त्यांचं पीक घेता येतं, हे आम्हाला मोलाचं वाटतं. अंकातला मुख्य लेख याच शेतीचा हिशेब मांडतो.